दगडूचा डावा कान

१९९८ साल होतं. रमझानची ईद नुकतीच होऊन गेली होती. त्या थंडीच्या दोन महिन्यांत दुबईत तेव्हा एसी बंद करून खिडक्या उघडता येत. अल मनखूलमधल्या बायका बाल्कनीतून एकमेकींना हाका मारत, आणि देरामधले दुकानदार गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. उर्मिला अशाच एका दुकानात कामाला होती. शिकारीचं आणि वाळवंटात मुक्कामाला लागणारं सामान तिथे मिळे: ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या कातडी टोप्या, गालिचे, थर्मास, दुर्बिणी, आणि मागच्या खोलीत कुलपाच्या कपाटात बंदुका.

उर्मिलाने जन्मात बंदूक उडवली नव्हती. पण मालकाला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून परदेशचे फॅक्स आणि कॅटलॉग तिच्या टेबलावर येत. पुस्तकात वाचून पुरणपोळी शिकावी तशी ती बंदुका शिकली होती. सकाळी नऊ ते एक आणि पुन्हा चार ते नऊ अशी दुकानाची वेळ. संध्याकाळपर्यंत पाय सुजून चपलेचे पट्टे रुतत. घरी गेल्यावर खरी दमणूक सुरू होई, कारण घरी मुरलीधर होता.

मुरलीधर अठरा वर्षं जहाजदुरुस्तीच्या गोदीत पत्र्यावरचा गंज ठोकून काढत होता. त्या ठोकाठोकीत त्याचा डावा कान पार गेला आणि उजवा अर्धामुर्धा राहिला. आता तो रास अल खोरला एका गोदामात स्टोअर सांभाळत असे. माणूस शांत, पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे पोटातून ओरडायचं. "भाजी वाढू का?" हे वाक्य उर्मिला असं म्हणे की खालच्या मजल्यावरचे मल्याळी शेजारी हसत. मुलगी सोनम कॉलेजात होती. ती वैतागून म्हणायची, "मम्मी, प्लीज, स्टॉप शाउटिंग!" आणि मग बापाला काही सांगायचं असलं की आईलाच पुढे करायची.

ईदनंतरच्या त्या आठवड्यात बू हुमैद दुकानात आला. हा उत्तरेकडच्या रास अल खैमाचा म्हातारा, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. तरुणपणी लाकडी गलबतातून मुंबईला खजूर घेऊन जायचा, त्यामुळे त्याचं हिंदी झकास होतं. त्याच्यामागे बंदुकीची लांब पेटी घेऊन एक काळासावळा, पन्नाशीला आलेला माणूस आत आला आणि दाराशी उभा राहिला.

"मदाम," बू हुमैद गादीवर टेकत म्हणाला, "मेरे को वो चाहिए, बंदूक का मुँह बंद करने वाला. सिनेमा में होता है ना, फुस्स!"

"सायलेन्सर? बू हुमैद, सिनेमा वाला किधर भी नहीं मिलता. फुस्स वगैरे कुछ नहीं होता."

"अच्छा? तो फिर लोग क्यों लेते हैं?"

"आवाज कम होता है. पूरा बंद नहीं होता. पण तुमको किसलिए चाहिए? इतने साल तो बोलते थे, चोर का चीज है."

"अभी भी बोलता है," म्हातारा म्हणाला. "लेकिन मेरा हरण मर रहा है."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याच्या शेतावर जाळीच्या आवारात तीसेक हरणं होती, वाळूच्या रंगाची, लहान शिंगांची. नातवंडांपेक्षा त्यांच्यावर त्याचा जीव. हा पाडसांचा मोसम. रात्री डोंगराकडून कोल्हे आणि मोकाट कुत्रे येत आणि जाळीखालून वाळू उकरून आत शिरत. बू हुमैद गाडीत बसून त्यांच्यावर नेम धरी. पण बंदूक उडाली की हरणं बिथरून जाळीवर जाऊन आदळत. कोल्ह्याने नेलं एक पाडस, आणि आवाजाने मान मोडून मेल्या दोन माद्या, असं झालं होतं.

"कुत्ता खाता है वो अलग, मैं मारता है वो अलग," तो म्हणाला.

पोलिसांच्या परवान्याचा कागद त्याने आणला होता. तो पाहिल्याशिवाय मालक मागची खोली उघडत नसे. उर्मिलाने दोन नमुने काढून काउंटरवर ठेवले. एक आखूड, काळाभोर, तळहाताएवढा. दुसरा फिनलंडहून आलेला, लांब आणि जाडजूड, मनगटाएवढा. त्याचा निम्मा भाग नळीवरून मागे सरकून बसत असे. तिने पाठ केलेलं सांगितलं. सायलेन्सर फिरवून बसवायला नळीच्या टोकाला आटे पाडावे लागतील. लांब नमुना नळीच्या तोंडाचा धमाका जास्त खातो, पण बंदूक पुढून जड होते. आखूड हलका आहे, पण आवाज तेवढा गिळत नाही. आणि गोळी हवेला फाडत जाते तो चाबकासारखा आवाज दोन्हीतही राहणारच. हळू जाणारी काडतुसं घेतली तर तोही जातो, पण मग लांबचा कोल्हा पडत नाही, नुसता जखमी होतो.

बू हुमैदने लांब नमुना उचलला आणि तोंड वाकडं केलं. "ये क्या है, पानी का पाइप? बंदूक को शरम आएगा." आखूड मात्र तो बोटांनी कुरवाळत बसला.

तेवढ्यात उर्मिलाने दाराशी उभ्या माणसाकडे पाहिलं. चेहऱ्यावरून आपल्याकडचा वाटत होता. "कुठले तुम्ही?" तिने मराठीत विचारलं. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्या माणसाने झटकन मान फिरवून डावा कान पुढे केला, डोळे तिच्या ओठांवर ठेवले, आणि मग हसला.

"पाटण तालुका, सातारा. ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला. दगडू नाव माझं."

ती मान फिरवण्याची पद्धत उर्मिला रोज घरी जेवताना बघत होती.

"रात्री शिकारीला तुम्ही काय करता, दगडूभाऊ?"

"बत्ती धरतो की. अरबाब म्हंजी आमचं मालक गाडीत, मी खाली, नळीच्या म्होरं डाव्या अंगाला. बत्ती मागं धरली तर नळीवर उजेड चमकतो, अरबाबला काय दिसत न्हाई. म्हणून म्होरं ऱ्हायचं. सा वर्सं झाली." त्याने अभिमानाने छातीला हात लावला. "बत्तीवाला म्हणत्यात मला. येताना गाडीत पुढं बसतो, अरबाबच्या शेजारी."

सहा वर्षं, रात्रीच्या रात्री, उजव्या कानाशी उडणारी बंदूक.  गुडघा दुखत होता म्हणून उर्मिला स्टुलावर बसली.

बू हुमैदचा निर्णय होईना. शेवटी मालकाने मार्ग काढला. दुकानाचा मिस्त्री बदरुद्दीन नळीला आटे पाडून देईल, आणि शुक्रवारी शेतावर जाऊन दोन्ही नमुने लावून दाखवील. कॅटलॉग समजावायला उर्मिलाने बरोबर जावं.

"शुक्रवारी?" उर्मिला म्हणाली. आठवड्याची ती एकच सुट्टी. डोक्याला तेल लावून दुपारी झोपायची. पण नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

घरी तिने ओरडून सांगितलं. मुरलीधर म्हणाला, "मीही येतो. इथे एकटा भिंतींशी काय बोलू?"

शुक्रवारी जेवणं उरकून तिघं बदरुद्दीनच्या जुन्या गाडीतून निघाली. बदरुद्दीन हैदराबादचा, वाटभर बडबडणारा. "भाभीजी, बुड्ढा छोटाच लेता देखो. उनको चीज नहीं, चीज का शकल होना." मुरलीधर मागे बसून तांबड्या वाळूकडे बघत होता. मधूनच "काय म्हणतोय तो?" असं विचारे, आणि उर्मिला मान वळवून ओरडून सांगे.

शेत डोंगराच्या पायथ्याशी होतं. खजुराच्या दोन रांगा, एक विहीर, आणि पलीकडे जाळीचं मोठं आवार. बदरुद्दीन आणि बू हुमैद आधी टेकाडाआड गेले. सायलेन्सर चढवला की बंदुकीचा जुना नेम चुकतो. पहिली गोळी नेमासाठी ठेवलेल्या डब्यापासून वीतभर बाजूला गेली तेव्हा म्हाताऱ्याने अरबीत काहीतरी सुनावलं. बदरुद्दीन "हबीबी, सबर" म्हणत बंदुकीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवत बसला.

इकडे दगडूने चहा आणला. मुरलीधरला कोणी मराठी माणूस भेटल्याचा आनंद झाला. दोघं चटईवर बसले. मुरलीधरचा डावा कान गेलेला, दगडूचा उजवा. शेजारी बसले ते नेमके बहिऱ्या बाजू जोडून. मुरलीधर काही बोलला, दगडू "आं?" म्हणाला; दगडू बोलला, मुरलीधर "आं?" म्हणाला. मग दोघांनी जागा बदलल्या आणि एकमेकांच्या तोंडाशी कान नेऊन असे मोठमोठ्याने बोलायला लागले, की उर्मिलाला हसू आलं. मग ते हसू तिच्या तोंडावरच राहिलं, कारण आता तिची खात्रीच पटली होती.

मुरलीधर विहीर बघायला उठला तेव्हा ती दगडूच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.

"भाऊ, उजवा कान कधीपासून गेलाय?"

दगडू दचकला. टेकाडाकडे बघून हळू म्हणाला, "ताई, कुणाला बोलू नगा."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"कशापायी? इथं एका बलुची गड्याचा डोळा गेला. अरबाब वाईट न्हाई, पर फुडल्याच म्हैन्यात त्याच्या हातात घरचं तिकीट दिलं. बहिऱ्या माणसाला बत्ती कोण दील? अरबाब हळूच बोलतो, 'यमीन, यसार', उजवीकडं, डावीकडं. मला काय ऐकू येत न्हाई. मी नळीकडं बघतो. नळी जिकडं वळंल तिकडं बत्ती. कधी वाईच उशीर हुतो, इतकंच."

"आणि डावा?"

दगडूने डाव्या कानावर हात ठेवला. "त्यात बी आता रात्री रातकिडं वरडत्यात. इथं वाळूत कुठलं रातकिडं, ताई?"

मुरलीधरच्या कानातही आधी असेच किडे ओरडत असत. पुढची सगळी वर्षं उर्मिलाच्या डोळ्यांसमोर उभी राहिली: फोनवर बायकोचं बोलणं न कळणारा, सगळ्यांत बसून एकटा पडलेला माणूस. "कानात कापूस, बोळे काहीतरी घाला निदान," ती म्हणाली.

"म्हंजी ऱ्हायलेलं बी ऐकू यायचं न्हाई."

ते काही खोटं नव्हतं. तिने मनाशी ठरवलं. दगडूचं नाव न घेता लांब नमुना म्हाताऱ्याच्या गळ्यात मारायचा. पाइप तर पाइप.

दुपार कलल्यावर सगळे आवाराजवळ आले. बू हुमैद गाडीत बसला, दगडू नेहमीच्या जागी दिवा न लावता नुसताच धरून उभा राहिला. बदरुद्दीनने आणि उर्मिलाने कानात बोटं घातली. मुरलीधर तसाच उभा. "माझं काय जायचंय आता," तो म्हणाला.

आधी आखूड. गोळी सुटली, समोरच्या वाळूच्या ढिगात धूळ उडाली. सगळे ढिगावर ठेवलेल्या डब्याकडे बघत होते. उर्मिला एकटी हरणांकडे बघत होती. सगळा कळप एकदम उसळला आणि पलीकडच्या जाळीकडे धावला. एक मादी जाळीला घासून पडता पडता वाचली.

हरणं शांत झाल्यावर लांब. आवाज झालाच, कोरड्या फांदीसारखा, पण छातीत बसणारा तो दणका नव्हता.

बू हुमैद खाली उतरला. आखूड नमुना अजून त्याच्या हातात होता, अंगठा त्यावरून फिरत होता. "दगडू! तू पास में था. बोल, कौन सा अच्छा?"

दगडूने त्या हाताकडे पाहिलं. दोन्हीतल्या कोणाचा आवाज कमी होता, हे त्याला कितपत कळलं देव जाणे. पण मालकाचा अंगठा कशावरून फिरतोय ते त्याला दिसत होतं, आणि विचारलेल्या गोष्टीला मालकाच्या मनातलं उत्तर द्यायचं, ही रीत त्याच्या अंगात सहा वर्षांत मुरली होती.

"ये अच्छा, अरबाब. छोटा वाला. कुछ आवाज नहीं."

"शुफ!" बू हुमैद खूश होऊन उर्मिलाकडे वळला. "देखो मदाम, मेरा बत्तीवाला बोलता है. खलास."

उर्मिलाला एकदम थकवा आला. वाटलं, जाऊ दे, गाडीत बसावं, घरी जावं. बदरुद्दीन पेटी आवरायलाही लागला होता. मग तिला त्या वाळूतल्या रातकिड्यांची आठवण झाली.

"बू हुमैद, सायलेन्सर दगडू के लिए लेते हो क्या?"

"नहीं. क्यों?"

"हरण के लिए लेते हो. तो दगडू को काहे को पूछना? हरण को पूछो ना! सब लोग डिब्बा देख रहे थे, मैं हरण देख रही थी."

म्हातारा खदखदून हसला. "वल्लाह, बंबई का औरत! चलो, हरण को पूछेगा."

पुन्हा आखूड लावला. या खेपेला सगळे हरणांकडे बघत होते. कळप उधळला. एका पाडसाने जाळीत तोंड खुपसलं आणि ते ओरडायला लागलं. बू हुमैदचं हसू मावळलं. बराच वेळ गेल्यावर लांब लावला. गोळी सुटली. तीसच्या तीस माना वर झाल्या, कान ताठ झाले. एक नर दोन उड्या मारून थांबला. मग एकेक हरण मान खाली घालून पुन्हा चारा खायला लागलं.

 बू हुमैदने लांब नमुन्यावरून हात फिरवला. "पाइप तो पाइप," तो म्हणाला. "बंदूक शरमाएगा तो शरमाएगा."

उर्मिलाने श्वास सोडला. जमलं होतं. दगडूचं नाव न निघता जमलं होतं.

आणि त्याच वेळी मुरलीधर तिच्या कानाशी वाकला. त्याच्या हिशेबी तो कुजबुजत होता. पण बहिऱ्या माणसाला आपली कुजबुज केवढी मोठी आहे हे कुठून कळणार? गोदीतल्या माणसाच्या खणखणीत आवाजात, विहिरीपर्यंत ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "अगं, त्याला कशाला विचारलं? हा दगडू माझ्यासारखाच ठार बहिरा आहे की!"

मराठी बू हुमैदला येत नव्हतं. पण मुंबईच्या धक्क्यावर इतकी वर्षं गेलेल्या माणसाला तेवढा शब्द कळायला मराठी कशाला हवं? त्याने मुरलीधरकडे पाहिलं, मग दगडूकडे. दगडूला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो उजवी बाजू त्यांच्याकडे करून दिव्याची वायर गुंडाळत होता.

"दगडू," बू हुमैद साध्या आवाजात म्हणाला. मग जरा मोठ्याने, "दगडू!"

दगडू वायर गुंडाळत राहिला.

"इसलिए बत्ती लेट आता है," म्हातारा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मैं समझा, आलसी हो गया."

तो चालत गेला आणि दगडूच्या हातातून दिवा काढून घेतला. रागाने नाही; म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं ओझं घ्यावं तसा. दगडूने वर पाहिलं. आधी मालकाकडे, मग उर्मिलाकडे. तिने मान हलवली, मी नाही बोलले, अशी. ते त्याला कळलं की नाही कोण जाणे.

परतीच्या वाटेवर मुरलीधर दोनदा म्हणाला, "काय झालं? मी काय बोललो?" उर्मिलाला ओरडायचं बळ नव्हतं. ती काचेला डोकं टेकून बसली.

बू हुमैदने दगडूला घरी पाठवलं नाही. गाडीच्या टपावर फिरता दिवा बसवून घेतला आणि दगडूला हरणांच्या चाऱ्यापाण्यावर घातलं, दिवसपाळीला. उन्हाळ्यात बू हुमैद काडतुसं घ्यायला आला, तेव्हा दगडू पिकअपच्या मागच्या उघड्या भागात गवताच्या भाऱ्यावर बसला होता. तो दुकानात आलाच नाही. उर्मिला पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली आणि आठवणीने त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

"कसे आहात, भाऊ?"

त्याने बाटली घेतली. तिच्याकडे न बघता म्हणाला, "म्होरं बसत हुतो मी, ताई."

 उन्हाने डोळे दिपत होते. ती आत जाऊन फोन घ्यायला बसली.

पुढे बू हुमैद २००४ साली झोपेतच गेला. मुलाने हरणं सरकारी राखीव रानाला देऊन टाकली आणि शेतावर भाड्याचे बंगले बांधले. ती बंदूक, तो पाइप, कुठे गेलं कोणाला ठाऊक नाही. बदरुद्दीनने हैदराबादेत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढलं; आटे तो अजून सुंदर पाडतो म्हणे. सोनम टोरंटोला आहे, आणि तिची मुलं जेवायला बसली की तीच मोठ्याने ओरडते. मुरलीधरला कानाचं यंत्र आणलं, ते त्याने कपाटातच ठेवलं. उर्मिला आणि तो २००६ साली सांगलीला परतली. तीन वर्षांनी तो गेला, आणि ती त्या शांत घरात कितीतरी दिवस नुसती आराम करत होती. नंतर तिला तेही नकोसं झालं.

दगडू २००३ मध्येच गावी आला होता. त्याने उर्मिलाचा नंबर कोणाकडून मिळवला देव जाणे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. पहिल्या खेपेला तिने जुन्या सवयीने पोटातून आवाज काढला, "कसे आहात, दगडूभाऊ?" खिडकीतला कावळा उडाला.

पलीकडून आवाज आला, "ताई, हळू बोला की. ह्या कानानं बरं ऐकू येतंया."

मग त्याने मागे कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं, आणि यंदा भात कसं आलंय ते सांगायला लागला.